माजघरातून दिसणारा कलावंत



भाऊंच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं, तेव्हा मला व्यासपीठाआधी त्यांचं अंगण आठवलं. रात्रीची जेवणं उरकली की तिथे सतरंजी पडायची. दिवसभर पोस्टात नोकरी करून आलेले भाऊ, दोन शिक्षक, एक कंपाउंडर, एक किराणा दुकानदार असे सगळे साडेनऊला जमायचे आणि स्पर्धेच्या नाटकाची तालीम सुरू व्हायची. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा. माझं काम एकच होतं. माजघराच्या दारातून चहाचा ट्रे आणायचा आणि रिकामे कप परत न्यायचे. त्यामुळे मी नाटक दोन बाजूंनी पाहिलं. सतरंजीच्या कडेला उभं राहिलं की भाऊ राजा दिसायचे. माजघरातून पाहिलं की तेच भाऊ, उद्या पहाटे उठायचं आहे हे विसरून गेलेले, घसा बसलेले, घरचे वाटायचे. आत काकू स्टोव्हला पंप मारत असायच्या आणि त्यांचे ओठ हलत असायचे. भाऊ बाहेर जे म्हणत होते, तेच त्या आत पुटपुटत असायच्या.

संयोजकांनी मला विषय दिला तो पडद्यावर दिसणाऱ्या कलावंताच्या सुखदुःखाचा. विषय मोठा आहे आणि जगभर या विषयावर चित्रपट झाले आहेत. मी फक्त आपल्याकडच्या सहा-सात चित्रपटांविषयी बोलणार आहे, कारण तेवढेच मी मनापासून आणि वारंवार पाहिले आहेत. या पावसाळ्यात ते ओळीने पुन्हा पाहिले आणि इतकी वर्षं समोर असूनही न दिसलेली एक गोष्ट दिसली.

जानेवारी 2010 मध्ये रवी जाधव यांचा ‘नटरंग’ आला. त्याच महिन्यात परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ चित्रपटगृहांत लागला. मे 2011 मध्ये रवी जाधव यांचाच ‘बालगंधर्व’ आला. पहिल्यात तमाशाच्या वेडाने घर सोडणारा शेतमजूर गुणा कागलकर आहे, दुसऱ्यात दादासाहेब फाळके आणि तिसऱ्यात नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. अतुल कुलकर्णी, नंदू माधव आणि सुबोध भावे या तिघांच्या भूमिकांवर तेव्हा भरभरून लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण या तीनही कलावंतांची बायको एकाच अभिनेत्रीने उभी केली आहे. गुणाची द्वारकी, फाळक्यांची सरस्वती आणि नारायणरावांची लक्ष्मी या तिन्ही भूमिका विभावरी देशपांडे यांनी केल्या आहेत. दीड वर्षाच्या आत एक अभिनेत्री तीन वेळा कलावंताच्या घरात राहून आली. हा योगायोगच असणार. पण मला त्यातून एक वाट सापडली. कलावंताचं आयुष्य या तीन चित्रपटांत मी त्या बाईच्या जागेवरून पाहिलं आणि चित्रपट बदलून गेले.

‘बालगंधर्व’पासून सुरुवात करतो. 12 मार्च 1911, मुंबई. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरी प्रयोग झाला. ही हकिकत मराठी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. चित्रपटातही ती येते आणि आपल्याला गहिवरून येतं. मलाही आलं. कलेवरची निष्ठा म्हणजे काय हे सांगण्यासाठी आपण शंभर वर्षं ही रात्र वापरत आलो आहोत.

पण त्या रात्री घरी लक्ष्मीबाई होत्या. तोंडाला रंग लावायला त्यांना जायचं नव्हतं. दुःख विसरायला त्यांच्याजवळ पदं नव्हती, टाळ्या नव्हत्या. नारायणरावांचं दुःख त्या रात्री गाण्यात उतरलं असेल आणि थोडं हलकंही झालं असेल. कलेत ती ताकद आहे. लक्ष्मीबाईंच्या दुःखाचं काय झालं, हे ना आख्यायिका सांगते, ना कॅमेरा तिथे फार वेळ थांबतो. चित्रपट बालगंधर्वांचा आहे, तो त्यांच्यामागे रंगभूमीवर जाणार, हे मला समजतं. तरीही वाटतं, एका दृश्यापुरता तो कॅमेरा घरी राहिला असता, प्रेक्षकांचा ‘वन्स मोअर’ लांबून, भिंतीपलीकडून ऐकू आला असता, तर त्या निष्ठेची किंमत आपल्याला कळली असती. ती किंमत एकट्या नारायणरावांनी दिलेली नव्हती.

याच माणसाची आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती पडद्याचीच आहे. गंधर्व नाटक मंडळी 1913 मध्ये सुरू झाली. खरे भरजरी शालू, खरी अत्तरं, उत्तमोत्तम वादक हे सगळं करताना पैशाचा हिशेब कधी झालाच नाही. बोलपटाची लाट आली तेव्हा मंडळी कर्जात होती. बालगंधर्व ‘प्रभात’ फिल्म कंपनीत गेले आणि 1935 मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ झाला. बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले. ज्यांच्या शालूची निरी कशी पडते हे पाहून घरंदाज बायका नेसणं शिकल्या, ते पडद्यावर धोतर-उपरण्यात उभे राहिले. चित्रपटाचं मूळ नाव ‘महात्मा’ होतं. त्या काळी या शब्दाने कोण आठवतं हे सरकारला पक्कं ठाऊक असल्याने सेन्सॉरने ते बदलायला लावलं. सहकार्य पुढे चालायचं होतं, पण एकाच चित्रपटानंतर ते संपलं. मग 1937 मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले, पण तोवर पडद्यावर बायकांच्या भूमिका बायका करू लागल्या होत्या.

‘धर्मात्मा’ पाहताना माझा जीव तुटतो. चित्रपट वाईट मुळीच नाही. पण समोर भरलेलं थिएटर असल्याशिवाय ज्याचं गाणं फुलत नाही, ज्याला एकच पद आज असं आणि उद्या तसं गायचं असतं, अशा माणसाला खुणेच्या जागेवर उभं करून दिव्यांच्या झोतात ठरल्या मिनिटांत गायला लावलेलं दिसतं. कलावंताचं आयुष्य पडद्यावर मांडणं अवघड का आहे, याचं उत्तर मला त्यात मिळतं. कलावंताचं सुख ज्या गोष्टीत असतं ती गोष्ट कॅमेऱ्यापुढे बिचकते. दुःखाचं तसं नाही. दुःख कॅमेऱ्याला सहज सापडतं. रिकामी खोली, दारूची बाटली, जप्तीचा बेलिफ दाखवला की झालं. म्हणून कलावंतांवरचे बहुतेक चित्रपट दुःखाचे असतात. कलावंत जास्त दुःखी असतात असं मला वाटत नाही. त्यांचं दुःख दाखवणं सोपं असतं, एवढंच.

‘नटरंग’ने मात्र एक अवघड गोष्ट साधली. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा पिळदार अंगाचा गडी आहे आणि त्याला फडात राजाचं काम करायचं आहे. पण फडात नाचायला आलेली बाई म्हणते, फडात नाच्या हवा. नाच्या व्हायला कुणी तयार नाही, म्हणून फड वाचवायला गुणाच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. ते उतरलेलं शरीर पडद्यावर दिसतं तेव्हा शब्दांची गरज राहत नाही. माणसाने कलेसाठी काय दिलं, हे तिथे किलोत मोजता येतं. आणि त्या नाचण्यात गुणाला सुख मिळतं, हेही चित्रपट लपवत नाही. चाल बदलते, मनगट वळतं, आणि क्षणभर त्या चेहऱ्यावर जे दिसतं ते निव्वळ सापडल्याचं समाधान असतं. राजा व्हायला निघालेल्या माणसाला आपल्यातलं दुसरंच काही सापडलं आहे.

द्वारकीच्या वाट्याला मात्र लाज येते. गावात मान खाली घालून तीच चालते. फडाचा गावोगाव बोलबाला होतो, तेव्हा टाळी गुणाला मिळते आणि टोमणा तिला. नवऱ्याने बाईपण अंगावर घेतलं, याचा हिशेब गाव खऱ्या बाईकडे मागतं. शेवटी गुणाचा जाहीर सन्मान होतो. त्या सभागृहात बसलो असल्यासारख्या मी टाळ्या वाजवल्या आणि मग द्वारकीला शोधू लागलो.

आता सरस्वतीबाई. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण या तिन्हींत माझा सर्वांत लाडका चित्रपट हाच.

फाळक्यांची कथा दुःखाची करायला परेश मोकाशींना काहीच कमी नव्हतं. भागीदाराशी बिनसून छापखाना सुटलेला. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून लागलेलं वेड. सतत चित्रपट पाहून आणि रात्र रात्र जागून अधू झालेले डोळे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये केलेली लंडनवारी. घरातली एकेक वस्तू विकली जाते आहे. एखाद्याने यातून सारंगीच्या सुरात अडीच तासांचा करुण चित्रपट केला असता. मोकाशींनी हसरा चित्रपट केला. घरातलं सामान जातं आणि मुलं खुशीत नाचतात, कारण बाबा काहीतरी भन्नाट करताहेत. शेजारीपाजारी डोक्यावर परिणाम झाला म्हणतात आणि बायको कनवटीचं काढून देते.

हा हसरेपणा खोटा आहे, गरिबी अशी गोड नसते, असं मला एका मित्राने सुनावलं होतं. मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. सरस्वतीबाईंचं काम पाहा. लंडनहून आलेल्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती घरी पाडावी लागत आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाईंनी केलं. फिल्म धुणं त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’त रोहिदास झाला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावर जे हललं त्यातली प्रत्येक चौकट त्या बाईच्या हाताखालून गेलेली होती. हे घर कलावंताला सोसत नव्हतं, ते कलेत सामील होतं. म्हणून तिथे हसू आहे. दिग्दर्शकाने ते वरून चिकटवलेलं नाही.

चित्रपटाचं नावही तिथूनच येतं. नाटकसिनेमात काम करतो म्हटलं की लोक तोंड फिरवत. म्हणून घरी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असं सांगा, अशी युक्ती निघते. तारामती व्हायला एकही बाई मिळत नाही, म्हणून उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती होतात. मिशा काढायच्या म्हटल्यावर नटांची जी तारांबळ उडते, तिच्यावर आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की गुणाच्या गावाने ज्याची लाज धरली तेच काम इथे साळुंके करत आहेत. फरक एवढाच की इथे ते एका घरात, एका पंगतीत बसून होतं आहे.

पण मित्रहो, बाई स्वतःच कलावंत असली तर? मग तिच्यासाठी फिल्मला भोकं कोण पाडतं?

रतन साळगावकर 1923 मध्ये जन्मली. परिस्थितीमुळे वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षापासून तिला चित्रपटात काम करावं लागलं. घराण्याचं नाव पडद्यावर यायला नको म्हणून तिचं नाव बदललं आणि ती हंसा वाडकर झाली. तिचा पैसा घरात चालत होता, तिचं नाव चालत नव्हतं. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर राम जोशी’ आणि 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ हे तिचे चित्रपट. त्या शेवटच्या चित्रपटाचंच नाव तिने आपल्या आत्मकथनाला दिलं. ते पुस्तक वाचलेल्या मराठी वाचकाला त्याचा धक्का अजून आठवत असेल. कुठेही रडगाणं नाही, कुठेही सारवासारव नाही.

त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये ‘भूमिका’ केला. पटकथेत त्यांच्याबरोबर गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे होते, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या आणि या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातल्या नायिकेचा, उषाचा, नवरा केशव तिचे करार ठरवतो, पैसे घेतो आणि वर संशय घेतो. अमोल पालेकरांनी तो इतका साधा, इतका शेजारच्या घरातला केला आहे की अंगावर काटा येतो. उषाला खरं तर घर हवं आहे. काम सोडून घर करायचं आहे. ते परवडणार नाही, कारण घर तिच्या कामावर उभं आहे. मग ती काळे नावाच्या श्रीमंत माणसाच्या वाड्यावर जाते. तिथे सगळं घर मिळतं, तुळस, स्वयंपाकघर, सासू, मूल. फक्त दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

‘भूमिका’तलं एक सुख मात्र विसरता येत नाही. लहान उषा आजीसमोर बसून गाणं शिकते. पुढच्या सगळ्या आयुष्यात, सेटवर, हॉटेलात, वाड्यावर, तिच्या चेहऱ्यावर तो भाव पुन्हा दिसत नाही. तिथे गाण्याचे पैसे होत नव्हते, गाण्यामुळे कुणी रागावत नव्हतं, गाण्यासाठी कुणाला काही द्यावं लागत नव्हतं. अंधाऱ्या घरात दोन बायका आणि एक सूर, एवढंच. बेनेगलांनी ते दृश्य फार वेळ ठेवलेलं नाही. आयुष्यातही ते फार वेळ नव्हतं.

गाण्याचीच आणखी एक गोष्ट. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ 2020 मध्ये व्हेनिसच्या स्पर्धेत गेला आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. 2001 च्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर त्या स्पर्धेत भारतीय चित्रपट नव्हता. या चित्रपटाविषयी आपल्याकडे जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही. ज्या गायकाचं गाणं शेवटपर्यंत उंचावत नाही, त्याची ही गोष्ट आहे. शरद नेरूळकर वर्षानुवर्षं रियाज करतो, स्पर्धेत हरतो, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी करण्याची नोकरी करतो, रात्री मोटारसायकलवरून रिकाम्या मुंबईतून जाताना कानात आपल्या गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंची व्याख्यानं ऐकतो. तो माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही खरे गायक. त्यामुळे तंबोरा धरण्यात, मैफलीत मागे बसून स्वर देण्यात कुठे अभिनयाचा वास नाही. आणि म्हणून शरदच्या गाण्यात जे कमी आहे तेही खरं वाटतं. सूर लागला आहे, राग चुकलेला नाही, पण काहीतरी यायचं राहिलं आहे, हे आपल्यासारख्या कानसेनालाही ऐकू येतं.

आजच्या मुद्द्यासाठी मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. गुरुजी म्हातारे आहेत, आजारी आहेत, बिदागी तुटपुंजी आहे. त्यांचे पाय कोण चेपतं? दवाखान्यात कोण नेतं, तपासण्यांचे पैसे कोण भरतं? शरद. लक्ष्मीने, द्वारकीने, सरस्वतीने जे केलं तेच इथे एक तरुण पुरुष करतो आहे, आणि ते करत असतानाच त्याला स्वतःलाही गायक व्हायचं आहे. कलावंताचं माजघर आणि बैठकीची खोली या चित्रपटात एकच झाली आहे. गुरू भर मैफलीत त्याला टोकतो आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तो तेल घेऊन पाय चेपायला बसतो. त्यात लाचारी नाही. मला त्यात प्रेम दिसतं आणि भीतीही. हे सगळं करूनही गाणं आलं नाही तर, याची ती भीती आहे.

माजघरात आईही असते. गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरचा निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ 2022 मध्ये आला. मूर्तिजापूरचं सासर सोडून मुलाला घेऊन नागपुरात राहिलेली आई त्यात अनिता दाते यांनी केली आहे. वसंतराव देशपांडे यांनी कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली आणि ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं तेव्हा, 1967 मध्ये, ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. आजोबांची भूमिका आणि गाणं दोन्ही नातवाने, राहुल देशपांडे यांनी केलं. चित्रपट लांबला आहे असं मला वाटतं. पण आई आणि मुलगा एकाच खोलीत असतात तेव्हा लांबी जाणवत नाही.

आता भाऊंकडे येतो. तालमी कशा होत, कोणती नाटकं झाली, याची त्यांच्या नाट्यमंडळाची कागदपत्रं पुरात गेली. जे उरलं आहे ते भाऊंच्या लेकीने मला गेल्या महिन्यात दाखवलं. ती काकूंची वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दुधाच्या हिशेबाची. तारीख, दूध किती, साखर किती, कप किती. कपांच्या संख्येवरून त्या रात्री तालमीला किती माणसं आली ते कळतं. मधूनच शेजारी बारीक अक्षरांत एखादा शब्द आहे. ‘प्रधान आला नाही.’ ‘तिसरा अंक बसला.’ ‘यांचा घसा, काढा केला.’ एका रात्री कपांचा आकडा बावीस आहे, म्हणजे अर्धी आळी ऐकायला येऊन बसली असणार. आणखी एका रात्री फक्त दोन. भाऊ आणि दुसरा कोण, मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, दुसरा आईचा असेल, त्या रात्री राणीचे संवाद तिनेच म्हटले होते.

प्रयोगाच्या तारखेला दुधाच्या रकान्यात आकडा नाही. तिथे लिहिलं आहे, ‘आज चहा नाही. नाटकाला गेले.’